कुरणशाळा आणि सर्जापूर रोड
(एका भाषणाचा मजकूर)



बंगळूर शहरातून आग्नेयेकडे निघालेला सर्जापूर रोड आज देशातील अत्यंत महागड्या जमिनींमधून जातो. बेल्लंदूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेळ्ळी, कोडती ही एके काळची खेडी. त्यांची नावे पाट्यांवर उरली आहेत. शेते मात्र इमारतींखाली गेली. दोड्डकन्नेळ्ळीला विप्रो कंपनीचे मुख्यालय आहे, आणि सर्जापूरच्या बाजूला २०१० साली स्थापन झालेल्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे. शिक्षणशास्त्राचे शिक्षण देणे हे त्या विद्यापीठाच्या प्रमुख कामांपैकी एक. ह्याच रस्त्याच्या आडबाजूला, बांधकामांच्या कुंपणालगत, पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा दिसतात. त्यांत कलबुर्गी, रायचूर, यादगीरकडून आलेली, तशीच बंगाल, ओडिशा, बिहारमधून आलेली कामगार कुटुंबे राहतात.

शनिवार-रविवारी तेथे काही तरुण मुले-मुली शिकवावयास जातात. बहुतेक संगणक कंपन्यांतील नोकरदार, काही विद्यार्थी. पगार नाही, सक्ती नाही. त्यांची तळमळ खोटी आहे असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु त्यांची पहिली अडचण नेहमी एकच असते: गेल्या आठवड्यात समोर बसलेली मुलगी आज का आली नाही? उत्तरही ठरलेले असते. आई विटा वाहावयास गेली आहे, आणि मुलीच्या कडेवर धाकटा भाऊ आहे. दुसरी अडचण भाषेची. शिक्षिका इंग्रजी-हिंदी बोलते, मुलगी घरी तेलुगू बोलते, शाळा कन्नड. तिसरी अडचण सर्वांत मोठी. इमारत पुरी झाली की पत्र्याची रांग उठते आणि वर्गच्या वर्ग नाहीसा होतो.

ह्या तिन्ही अडचणींतील पहिलीला उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयत्न ऐंशी वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात झाला. तो नीट आठवला पाहिजे, कारण त्याची आठवण बहुधा केवळ सत्कारसमारंभापुरतीच होते.

१९४५ साली ताराबाई मोडक ठाणे जिल्ह्यातील बोर्डी ह्या समुद्रकाठच्या गावी आल्या. भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केलेल्या, माँटेसोरी पद्धतीच्या जाणकार अशा ह्या बाई त्या वेळी पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. शहरातील सुखवस्तू मुलांसाठी असलेली ही पद्धत खेड्यातील गरिबाच्या मुलापर्यंत नेता येते की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना साथ मिळाली अनुताई वाघ ह्यांची. मोरगावला १९१० साली जन्मलेल्या, तेराव्या वर्षी विधवा झालेल्या अनुताईंनी शिकून शिक्षिकेची नोकरी धरली होती, पुण्याच्या हुजूरपागेत त्या शिकवीत होत्या आणि रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या होत्या. त्या बोर्डीला गेल्या आणि मग परत फिरल्याच नाहीत.

बोर्डीच्या हरिजनवाड्यातील बालवाडीचा दिवस कसा असे हे पाहण्यासारखे आहे. शिकविण्याआधी मुले गोळा करावी लागत. घरोघरी हाका मारीत हिंडावे लागे. मुले आली की आधी त्यांना अंघोळ, मग नखे, मग केस. ज्या काळी सवर्ण घरातील बाईने त्या वस्तीत पाऊल टाकणे हीच गावात चर्चेची बाब होती, त्या काळी तेथील मुलांच्या डोक्यातील उवा काढीत बसणे ह्याचा अर्थ नुसत्या आरोग्यशिक्षणापुरता राहत नाही. माँटेसोरीची महाग लाकडी साधने परवडणारी नव्हती. त्यांची जागा शिंपल्यांनी, बियांनी, पानांनी, मातीने, बांबूने घेतली. आणि मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसले तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात जाऊन बसली. तिला ताराबाईंनी नाव दिले अंगणवाडी. हाच शब्द पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने देशभर नेला. आज तमिळ आणि ओडिया माणूसही तो ओळखतो.

१९५७ मध्ये हे काम जवळच्याच कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथे मुले वारली, पाडे डोंगरभर विखुरलेले. मुलगा सहा-सात वर्षांचा झाला की गुरांमागे जातो, मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते. त्यांना शाळेत ‘आणणे’ म्हणजे कुटुंबाच्या दोन कामकऱ्यांना कामावरून काढणे होय. हे ज्या शिक्षिकेला कळले नाही तिने पालकांच्या अज्ञानावर कितीही व्याख्याने दिली तरी हजेरीपट भरणार नाही. कोसबादला दोन उत्तरे काढण्यात आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवावयाची, म्हणजे बहीण भावाला घेऊन येईल, त्याला पाळणाघरात ठेवील आणि स्वतः पलीकडच्या वर्गात बसेल. ही विकासवाडी. आणि जो मुलगा गुरे सोडून येऊच शकत नाही त्याच्यामागे शिक्षकाने कुरणात जावयाचे. ही कुरणशाळा. गुरे चरताहेत, शिक्षक झाडाखाली. एखादी गाय कुणाच्या शेताकडे वळली की अर्धा वर्ग तिच्यामागे पळतो आणि परत येऊन पुन्हा बेरीज पुरी करतो. अशा शाळेत घंटेला अर्थ नसतो आणि पावसाळ्याचे वेळापत्रक हिवाळ्यात चालत नाही. शिक्षकाचा जन्म मात्र पायपिटीत जातो.

ताराबाई १९७३ मध्ये वारल्या, अनुताई १९९२ मध्ये. पद्मभूषण, पद्मश्री हे किताब त्यांना मिळाले. परंतु कोसबादने मांडलेला मूळ मुद्दा, मूल शाळेत न येण्याचे कारण त्याच्या घरच्या अर्थव्यवस्थेत असते हा, किताबांबरोबर सरकारी फायलीत गेला नाही.

येथे आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ताराबाई बोर्डीला आल्या ते १९४५ साल. त्याच वर्षी त्याच टापूत, डहाणू-उंबरगाव तालुक्यांत, कॉ. शामराव आणि कॉ. गोदावरी परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लाल बावटा उचलला. दिवसाला बारा आणे मजुरीची मागणी झाली, गोळीबार झाला, वारली धारातीर्थी पडले. स्वतः गोदावरीबाईंनी त्याआधी १९३७-३८ च्या सुमारास प्रौढ साक्षरतेच्या मोहिमेत काम केले होते. म्हणजे पाटी-पेन्सिलीची वाट त्यांनाही अपरिचित नव्हती. एका तालुक्यात दोन प्रवाह वाहत होते. वेठबिगारी मोडल्याखेरीज वारल्याचे मूल मोकळे होणार नव्हते हे जितके खरे, तितकेच हेही खरे की मोकळ्या झालेल्या मुलाला शिकविण्याची रीत लढ्याच्या सभांतून आपोआप सापडत नाही. तलासरीला पुढे चळवळीतूनच शाळा, वसतिगृहे आणि गोदावरीबाईंच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले, हे त्या रितीची गरज मान्य केल्याचेच लक्षण म्हणावे लागेल.

शिक्षकाने खेड्यात जाण्याची कल्पना अर्थात आपल्याकडेच जन्मली असे नव्हे. तिचा सर्वांत लांब इतिहास रशियात आहे. टॉलस्टॉयने १८५९ मध्ये यास्नाया पोल्याना येथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. मुलांनी हवे तेव्हा यावे, हवे तेव्हा जावे, घरचा अभ्यास नाही. १८६२ मध्ये तो घरी नसताना झारच्या पोलिसांनी त्या घराची झडती घेतली. १८७४ च्या उन्हाळ्यात शेकडो विद्यार्थी शेतकऱ्यांचे कपडे घालून ‘जनतेकडे’ निघाले. काहींना शेतकऱ्यांनीच पोलिसांच्या हवाली केले, आणि १८७७-७८ मध्ये १९३ जणांवर खटला चालला. त्यांची निष्ठा वादातीत होती, पण ज्याच्याकडे जावयाचे त्याचा दिवस कसा जातो हे ठाऊक नव्हते. क्रुप्स्काया पीटर्सबर्गच्या कामगारवस्तीतील रविवारच्या व रात्रीच्या शाळेत १८९१ पासून पाच वर्षे शिकवीत होत्या. त्यांना ते ठाऊक होते.

म्हणूनच २६ डिसेंबर १९१९ च्या निरक्षरता निर्मूलनाच्या हुकुमातील एक कलम आजही पुन्हा पुन्हा वाचण्यासारखे आहे. आठ ते पन्नास वर्षांच्या प्रत्येक निरक्षराने आपल्या मातृभाषेत अथवा रशियनमध्ये शिकावे, एवढेच म्हणून तो हुकूम थांबत नाही. शिकणाऱ्या मजुराचा कामाचा दिवस दोन तासांनी कमी होईल आणि त्याचा पगार कापला जाणार नाही, असे तो सांगतो. यादवी युद्ध चालू, शहरांत भाकरीची टंचाई, आणि अशा वेळी कायदा कामगाराला रोज दोन तास देतो! १८९७ च्या जनगणनेत नऊ ते एकोणपन्नास वर्षांच्या लोकांत साक्षर सुमारे २८ टक्के होते; १९३९ मध्ये ते प्रमाण सुमारे ८७ टक्क्यांवर गेले. ह्या अंतरात १९२८ पासून निघालेल्या ‘सांस्कृतिक मोहिमे’तील असंख्य स्वयंसेवकांचे श्रम आहेत, त्यांत कोम्सोमोलचे पोरसवदा कार्यकर्तेही होते. अशाच एकाचे चित्र चिंगीझ ऐत्मातोवच्या १९६२ च्या ‘पहिला शिक्षक’ ह्या कथेत आहे. किरगिझ गावात तबेल्याची शाळा करणारा द्युईशेन स्वतः जेमतेम शिकलेला. हिवाळ्यात ओढा आला की तो मुलांना पाठीवर घेऊन पलीकडे नेतो आणि गावकरी हसतात.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला. आजच्या रशियात खेड्यांतील कित्येक लहान शाळा पटसंख्येच्या हिशेबात बंद झाल्या, आणि २०२० पासून खेड्यात पाच वर्षे शिकविण्याचे कबूल करणाऱ्या शिक्षकाला सरकार दहा लाख रूबल देऊ करते. पैसे देऊन माणूस शोधण्याची वेळ यावी, हे तेथील स्थितीवरचे पुरेसे भाष्य आहे. आपल्याकडे २०१७ मध्ये दहाहून कमी पट असलेल्या सुमारे १३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झालाच होता.

आता ‘स्वयंसेवक’ ह्या शब्दाकडे. हा शब्द सन्मानाचा असतो, जोवर तो माणूस स्वतः वापरतो. सरकार तो वापरू लागले की सावध व्हावे. महाराष्ट्रात वस्तीशाळा निघाल्या तेव्हा त्यांत शिकविणाऱ्या तरुणांना सरकारने स्वयंसेवक म्हटले आणि महिना हजार रुपये मानधन दिले. नियमित शिक्षक होण्यासाठी त्यांना २०१४ पर्यंत झगडावे लागले. ताराबाईंच्या अंगणवाडीची सेविका तर आजही ‘मानसेवी’ आहे. ती नोंदवह्या भरते, आहार वाटते, मुलांची वजने घेते, लसीकरणाला बोलावते, निवडणुकीच्या कामालाही तिला जुंपतात; आणि तिला मिळते ते मानधन. ह्या सेविकांना उपदानाचा कायदा लागू होतो असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितले. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविका-मदतनीस पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. त्या दिवसांत बंद अंगणवाड्यांसमोर उभ्या असलेल्या मुलांविषयी हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली. सेविकेच्या घरच्या मुलांविषयी फारच थोड्यांनी.

आणि सर्जापूर रोड? बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात पन्नासांहून अधिक स्त्री-कामगार असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली असावी अशी तरतूद होती. विकासवाडीचे अर्धे तत्त्व त्यात आलेच होते. बायका चार उपठेकेदारांत वाटल्या की कोणाकडेच पन्नास भरत नाहीत, हा त्यावरचा साधा इलाज. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आणि तो कायदा त्यांत विलीन झाला. तेव्हा आता नव्या नियमांत पाळणाघराचे काय होते ते युनियनने कलमागणिक तपासले पाहिजे. शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू आहे. त्यानुसार वयाप्रमाणे वर्गात प्रवेश आणि एका शाळेतून दुसरीत बदली हा मुलाचा हक्क आहे, दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

शनिवारी जाणाऱ्या शिक्षिकेला हे ठाऊक असले तर तिचे काम निराळे होते. रांग उठण्याच्या आधीच ती मुकादमाला गाठून टोळी पुढे कोणत्या कामावर जाणार ते विचारील, मुलांची नावे, वये आणि घरची भाषा वहीत उतरवून घेईल, आणि नव्या जागेजवळच्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकांपुढे ती वही घेऊन सोमवारी उभी राहील. त्यासाठी तिला एक दिवसाची रजा काढावी लागेल.