लिव्हर दुखत नाही, म्हणून उशीर होतो
(वाशिम जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीत सोयाबीनचा भाव आहे, वीज आहे, पीकविमा आहे. दारूचा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत कुठेही बैठक घ्या, ती संपली की एकदोन बाया मागे थांबतात आणि हळूच विचारतात, "भाऊ, यांचे पाय सुजले, कशानं हो?" सोयाबीनच्या भावाचा प्रश्न माईकवर विचारता येतो, हा विचारता येत नाही.

आम्ही डॉक्टर नाही, शिक्षण शेतीचे. तेव्हा शेतीच्याच भाषेत सांगतो. तुरीचा मर रोग सगळ्यांनी पाहिला आहे. बुरशी मुळातून कधीच शिरलेली असते, झाड हिरवे दिसते आणि ऐन फुलोऱ्यात माना टाकते. खोड चिरले की आत काळी रेघ. लिव्हरचे तसेच आहे. लिव्हरच्या आत दुखणे कळवणाऱ्या नसाच नाहीत. त्यामुळे पिणारा म्हणतो, "मला काय झालं? ठणठणीत आहे," आणि तो खोटेही बोलत नसतो.

थोडा हिशेब करू. विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या दारूच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे लिहिलेले असते. म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल. लिव्हर तासाला सातआठ ग्रॅम जिरवते. संध्याकाळी सातची क्वार्टर पहाटे तीनपर्यंत पुरते. ताक पाजा, लिंबू पाजा, डोक्यावर बादली ओता, वेग वाढत नाही. सकाळी पुन्हा घेतली की लिव्हरला उसंत कुठली?

आधी लिव्हरमध्ये चरबी साठते. या टप्प्यावर दारू सुटली तर काही आठवड्यांत लिव्हर पूर्ववत होऊ शकते. पुढे सूज येते, मग ते चिवट आणि कडक होते. कडक झालेले पूर्ण मऊ होत नाही, पण तेव्हाही थांबणारा माणूस न थांबणाऱ्यापेक्षा जास्त जगतो. "आता काय उपयोग" हे म्हणणे त्यामुळे चूक.

कडक लिव्हरमधून रक्त नीट जात नाही. चारी तुंबली की पाणी धुरा फोडते, तसे रक्त अन्ननलिकेच्या शिरांत तुंबते आणि शीर फुटते. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली की सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. पोटात पाणी भरते. हातपाय काड्या आणि पोट मोठे, शेजारी म्हणतात, "तब्येत सुधारली." डोळे पिवळे होतात आणि घरचे कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात.

एक गोष्ट खतवाल्यांना लगेच कळेल. लिव्हर हा युरियाचा कारखाना आहे. आतड्यात तयार होणाऱ्या अमोनियाचा ते युरिया करते आणि तो लघवीवाटे जातो. कारखाना बंद पडला की अमोनियासारखी विषे मेंदूपर्यंत जातात. मग माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, कडी कुठे हे त्याला आठवत नाही, असंबद्ध बोलतो. बायको म्हणते मुद्दाम करतात, सासू म्हणते बाहेरचे लागले. बी-१ जीवनसत्त्व कमी पडले की तळपाय बधिर होतात, चप्पल निसटली तरी कळत नाही. त्यालाही आपण बेफिकिरी म्हणतो.

सगळ्यात महत्त्वाचे आता. रोज भरपूर पिणाऱ्याला शेगावची शपथ घालून किंवा खोलीत कोंडून एकदम थांबवू नका. सहाआठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे दिसतात. अंगात आले म्हणून अंगारा लावत बसलात तर जीव जातो. दारू बंद करायचीच, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली. काही दिवसांची औषधे आणि बी-१ ची इंजेक्शने यांनी हा काळ पार पडतो. चहातून गुपचूप पावडर देण्याचे दुकानही जोरात चालते. त्यात काय आहे कुणाला माहीत? दारू सोडवण्याचे एक औषध असे आहे की त्यावर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळतो. ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते.

सरकार बाटलीवर कर घेते, बाटलीवर इशारा छापते आणि मोकळे होते. गडचिरोलीत लोकांनी चळवळ केली तेव्हा १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केले, तिथे व्यसनाला आजार मानून उपचार होतात. आपल्याला जवळ वाशिमचे जिल्हा रुग्णालय आहे, अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मानसोपचाराचा सल्ला मराठीत, फुकट मिळतो. फोन घरच्यांनीही करावा.

आणि दवाखान्यात गेल्यावर लाज धरू नका. "कधीमधी घेतात" असे सांगितले की माणूस पाय मोडला म्हणून भरती होतो, दारू आपोआप बंद होते आणि तिसऱ्या दिवशी वॉर्डात भ्रम सुरू होतो. कशाने, ते डॉक्टरला कळत नाही. रोज किती, किती वर्षे, आणि शेवटचा घोट किती वाजता, हे तीन आकडे चिठ्ठीवर लिहून न्या. पिणारा सांगणार नाही. लिहायचे घरच्यांनीच.