रोगाची भीती आणि आपण वारकरी
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)



माझं शिक्षण चौथी पास. जे काय शिकलो ते बांधावर आणि टाळावर. दिंडीची थोरवी आधीच्या मंडळींनी सांगितलीच आहे. मालकांनी मला विषय दिला, कोरोनाची दोन वर्षं. माझ्या हयातीत आपली दिंडी पायी गेली नाही अशी तीच दोन वर्षं, २०२० आणि २०२१. पहिल्या वर्षी दशमीला, ३० जूनला, माऊलींच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरीला गेल्या. आपण घरात बसून टीव्हीवर बघितलं. बायामाणसं रडली, मीही रडलो. ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी आज दुसरं बोलणार आहे. त्या दोन वर्षांत मी किती भ्यालो आणि त्या भ्याण्यानं माझ्या हातून काय झालं, ते.

गेली चाळीस वर्षं मी कीर्तनातून सांगत आलो की देह नाशिवंत आहे, मरणाला भिऊ नका. आणि २४ मार्च २०२० ला रात्री टाळेबंदी सांगितली, त्या रात्री मला झोप नाही. पुढं महिनाभर सकाळी उठल्यापासून टीव्ही. आज किती सापडले, किती गेले. हात साबणानं इतके धुतले की बोटांना भेगा पडल्या. काढ्याचं तर विचारू नका. मिरी, सुंठ, दालचिनी, लवंग, दिवसातून चार-चार वेळा. तोंड आलं, पोटात आग पडली. मग वाटायचं, ही आगच रोगाची खूण असंल. कोण शिंकलं तरी माझ्या छातीत धडधड. एक गंमत मला तेव्हा कळली नाही, आता कळते. रानात कांद्याला पाणी धरायला गेलो की दम लागायचा नाही. घरी येऊन टीव्हीपुढं बसलो की श्वास पुरत नाही असं वाटायचं.

कुणाला सांगणार? लोक म्हणायचे, "बुवा, तुम्ही देवाची माणसं, तुम्हाला कसलं भ्या?" हे ऐकलं की तोंड बंद. मग मी काय केलं, भीतीला नियमाचं नाव दिलं. गावच्या रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या, त्यात पुढं मी होतो. पुण्याहून पायी चालत आलेला आपलाच एक पोरगा शाळेत ठेवला. चौदा दिवस वेगळं ठेवणं बरोबरच होतं, त्याला माझी ना नाही. पण त्याच्या आईनं डबा नेला तर आम्ही तिच्याकडं असं बघायचो, जणू तिनं कुणाचा खून केलाय. शाळेच्या बाजूनं जाताना लोक तोंडाला पदर, धोतराचा सोगा लावून पळायचे. मी पण पळालो.

माझे वडील पटकीच्या दिवसांच्या गोष्टी सांगायचे. गावात पटकी आली की मरीआईचा गाडा करायचा, वाजतगाजत शिवेवर न्यायचा आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून द्यायचा. पुढचं गाव तो आणखी पुढं ढकलायचं. पटकी तर पाण्यातून पसरायची. नदीचं, विहिरीचं पाणी घाण झालं की घरोघरी जुलाब-उलट्या, अंगातलं पाणी निघून जायचं आणि माणूस दिवसात जायचा. गाडा ढकलून काय होणार? वारीला निघताना त्या काळी पटकीची सुई टोचून घ्यावी लागायची, त्याशिवाय पुढं सोडायचे नाहीत. वडील सांगायचे, काही वारकरी सुईच्या भीतीनं रस्ता सोडून रानातनं जायचे. आम्ही हसायचो. २०२१ ला कोरोनाची लस आली तेव्हा आपल्याच गावात काय काय बोललं गेलं ते आठवा, मग हसायचं का नाही ते ठरवा. मी स्वतः दोनदा आरोग्य केंद्राच्या दारातून माघारी आलो. तिसऱ्या खेपेला नातीनं हाताला धरून आत नेलं.

आता जे सांगायचं ते सांगतो. २०२१ चा एप्रिल. आपले जुने विणेकरी, त्यांना मी दादा म्हणायचो. तीस वर्षं त्यांचा वीणा आणि माझा टाळ शेजारी-शेजारी. दिव्याचा घाट चढताना माझी पिशवी पण तेच घ्यायचे. त्यांना ताप आला. सहा दिवस त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. का? शाळेतला तो पोरगा त्यांनी बघितला होता. त्याच्या आईकडं आपण कसं बघत होतो तेही बघितलं होतं. दादा घरात वहिनींना म्हणाले, "मला त्या खोलीत टाकतील, माझ्या दाराकडं कोण फिरकायचं नाही." सातव्या दिवशी बोलता येईना, तेव्हा तालुक्याला नेलं. ऑक्सिजन लावला. तिथून त्यांचा फोन आला. मी उचलला नाही. परत आला, तेव्हा उचलला आणि म्हणालो, "दादा, मला पण बरं नाही." मला काही झालेलं नव्हतं. मला वाटलं बोललो तर भेटायला ये म्हणतील. आत कुणाला सोडत नव्हते हे मला माहीत होतं, तरी असं वाटलं. भीतीला डोकं नसतं.

तीन दिवसांनी दादा गेले. पांढरे अंगरखे घातलेल्या चौघांनी सगळं उरकलं. ना भजन, ना वीणा. तिथं जायला मनाईच होती, ती गोष्ट वेगळी. पण पुढच्या तेरा दिवसांत मी त्यांच्या अंगणापर्यंत गेलो नाही. लांब उभं राहून बोलायला कुणाची मनाई नव्हती.

आणि मग मला ताप आला. तपासणी केली, कोरोना निघाला. घरातल्या माडीवर वेगळा राहिलो. पोरानं बोटाला लावायचं मशीन आणून दिलं. मी दिवसातून वीस-पंचवीस वेळा लावायचो. ९७ आला की पुन्हा लावायचो, खोटं दाखवत असंल म्हणून. ९५ आला की घाम फुटायचा. रात्री तीनला उठून लावायचो. एकदा गार पाण्यानं हात धुऊन लगेच लावलं, ९१. आता संपलंच म्हणून मी पोराला हाका मारल्या.

सकाळी आशाताई आली. आपल्याच गावची सून. जिन्यातच उभी राहिली, तोंडाला मास्क, आणि पहिलं वाक्य काय म्हणाली, "आबा, भ्या वाटतंय ना? मला पण वाटतं. रोज घरी जाऊन लेकराला जवळ घेताना वाटतं." मायबाप, वर्षभरात मला हे विचारणारी ती पहिली. मी लहान पोरासारखा रडलो.

मग तिनं समजावलं. बोट गार असलं की आकडा चुकतो. हात चोळून गरम करायचा, पाच मिनिटं निवांत बसायचं, मशीन लावून आकडा स्थिर झाल्यावर वाचायचा. दिवसातून तीनदा, जास्त नाही, आणि वहीत लिहायचं. मग खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालायचं आणि पुन्हा लावायचं. आकडा ९४ च्या खाली गेला, नाहीतर चालल्यावर तीनपेक्षा जास्त घसरला, तर वाट बघायची नाही, तिला हाक मारायची, रात्र असली तरी.

आळंदी ते पंढरी अडीचशे किलोमीटर चालणारा माणूस मी, सहा मिनिटं चालायला भ्यालो. पहिल्या दिवशी भिंत धरून चाललो. ९६ होता, ९५ झाला. वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी ९६ चा ९६. मशीन मी खाली पोराकडं ठेवायला दिलं, वेळेलाच मागायचो. टीव्ही बंद केला. ताप पाचव्या दिवशी उतरला. भीती लगेच उतरली नाही, तिला दोन महिने लागले. पण नुसती मनात होती तोवर तिला अंत नव्हता. बोललो, वहीत आकडा लिहिला, तशी ती हाताएवढी झाली.

वहीकडं बघताना दादा आठवायचे. त्यांना पहिल्या दिवशी अशी सहा मिनिटं कुणी चालवलं असतं तर? वाचले असते असं मी म्हणत नाही, ते माझ्या हातात नाही. पण सहा दिवस वाया गेले नसते. आणि ते सहा दिवस त्यांनी आमच्या भीतीपोटी लपून काढले.

दिवाळीनंतर मी वहिनींकडं गेलो. फोनचं खोटं सांगितलं, सगळं सांगितलं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही यावं असं त्यांना वाटतच नव्हतं. त्यांना फक्त फोनवर हरिपाठ म्हणायचा होता तुमच्या संगं." एवढं बोलून त्यांनी चहा ठेवला.

२०२२ ला दिंडी पुन्हा पायी निघाली. लोणंदच्या मुक्कामात रात्री एक तरुण टाळकरी राहुटीच्या कडेला पडून होता. अंग तापलेलं. विचारलं तर म्हणाला, "काही नाही बाबा, ऊन लागलंय." मी त्याच्या जवळ बसलो. म्हणालो, "भ्या वाटतंय का?" आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, "घरी पाठवतील, आणि दिंडीत सगळे माझ्यापासून लांब पळतील." मी त्याला दादांची गोष्ट सांगितली. दोघं चालत आरोग्य पथकाच्या गाडीकडं गेलो. तपासलं, कोरोना नव्हता, उन्हाचा आणि घशाचा ताप होता. मीठ-साखरेचं पाणी, गोळ्या, दोन दिवस आपल्या ट्रकमध्ये झोपवला. फलटणपासून पुन्हा ओळीत चालायला लागला.

तो पोरगा आज मागं पंगतीचं वाढप बघतोय. हात करतोय, म्हणजे आमटी उकळली. थांबतो.

राम कृष्ण हरी.