स्वतःच्या हातचा ठसा
(मुकुंदवाडी येथे प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेले व्याख्यान)



भेंडी आडवी कापून कागदावर ठसे उमटविण्याचा उद्योग आपल्या बहुतेक शाळांतून चालतो. मी वर्गावर असताना फळ्यावर एक फूल काढून ठेवीत असे आणि चाळीस मुलांकडून चाळीस सारखी फुले उमटवून घेत असे. तपासावयास ते सोयीचे पडे, हे कबूल केले पाहिजे.

जपानातील लाकडी ठशांची चित्रे फार जुनी. तेथे रेखाटणारा एक, कोरणारा दुसरा व छापणारा तिसरा, अशी वाटणी असे. लाकूड कोरण्याचा धंदा लहानपणीच शिकलेल्या यामामोतो कानाए या तरुणाने १९०४ साली एका कोळ्याचे चित्र स्वतःच रेखाटले, कोरले आणि छापले. सर्जनशील मुद्राचित्रांच्या चळवळीचा आरंभ या चित्रापासून मानतात.

हाच गृहस्थ १९१६ साली युरोपातून रशियामार्गे मायदेशी परतला. मॉस्कोत त्याने मुलांची चित्रे पाहिली होती. जपानी शाळांत त्या काळी नेमलेल्या पुस्तकातील आकृती हुबेहूब उतरविणे, हेच चित्रकलेचे शिक्षण समजत. त्याने शिक्षकांपुढे व्याख्यान देऊन या नकलेस विरोध केला, आणि एप्रिल १९१९ मध्ये नागानो प्रांतातील कांगावा येथील प्राथमिक शाळेत मुलांच्या स्वतंत्र चित्रांचे प्रदर्शन भरले. राजधानीत नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडील उदाहरण मुंबईचे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रे काढणारे चित्तप्रसाद पुढे अंधेरीस राहिले. लाकडाहून मऊ अशा लिनोलियमवर ते स्वतः कोरीत. परीकथा ऐकण्याच्या वयात पोटासाठी राबणाऱ्या मुलांची चित्रे त्यांनी १९५२ च्या सुमारास कोरली. ती पाहताना ऊसतोडीच्या हंगामात वर्गात पडणाऱ्या रिकाम्या जागा मला आठवतात.

साधन म्हणाल, तर बटाटा पुरे. तो मधोमध कापून पुसून कोरडा करावा. कोरलेला भाग पांढरा राहतो, उरलेला उमटतो. आणि सारे उलट दिसते. धारदार चाकू मात्र गुरुजींनी आपल्या नजरेखालीच द्यावा. फळ्यावर काहीही काढू नये.

एका वर्षी तोडणीहून परतलेल्या मुलाने कोयता कोरला. धार भलत्याच बाजूस उमटलेली पाहून तो बराच वेळ कागद फिरवीत बसला. मी दुरुस्ती सुचविणार, तोच त्याने विचारले, "गुरुजी, अजून एक बटाटा हाय का?"