भांडे चुलीवर चढण्यापूर्वी
(रुग्णालयाच्या वार्षिक दिनानिमित्त केलेल्या भाषणाचा गोषवारा)



ख्रिस्ती श्रद्धेत उदारतेचा उगम कोठे आहे, याविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मला झाली आहे. उदार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सहसा धनवान मनुष्य उभा राहतो. पवित्र शास्त्रातील चित्र निराळे आहे. यरुशलेममधील गरीब बांधवांसाठी प्रेषित पौल वर्गणी गोळा करीत होता, तेव्हा करिंथच्या सुखवस्तू मंडळीपुढे त्याने उदाहरण ठेवले ते मासेदोनियातील मंडळ्यांचे. त्या स्वतः दारिद्र्यात व संकटात होत्या. तरीही या सेवेत आपला वाटा असावा म्हणून त्यांनीच पौलाची विनवणी केली. जे लाभले ते मुळात आपले नव्हतेच, ही जाणीव ज्याला झाली त्याचा हात आखडत नाही. या जाणिवेलाच आपण उपकारस्तुती म्हणतो.

परंतु जाणीव ही भाषण ऐकून येत नाही. तिला रोजची सवय लागते. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रियांनी ही सवय आपल्या स्वयंपाकघरात रुजविली. 1910 सालापासून तेथे ‘बुहफाई थाम’ ही प्रथा चालू आहे. प्रत्येक जेवणाच्या वेळी, तांदूळ शिजायला टाकण्यापूर्वी, घरची स्त्री त्यातील एक मूठ बाजूच्या भांड्यात काढून ठेवते. साठलेला तांदूळ चर्चमध्ये जमा होतो, विकला जातो आणि ती रक्कम चर्चच्या कार्याला लागते. आज या मुठींतून वर्षाला कोट्यवधी रुपये उभे राहतात. मला त्या रकमेपेक्षा त्या मुठीची वेळ अधिक महत्त्वाची वाटते. ती जेवण उरल्यावर काढलेली नसते. शिवाय श्रीमंताची मूठ आणि मजुराच्या बायकोची मूठ यांत फारसा फरक नसतो! आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेसाठीही घरोघरी मूठ-मूठ धान्य काढले जात असे. त्या ‘मुष्टिफंडा’वर गरिबांची मुले शिकली. ही मूठ कोणा एका धर्माची मिरास नाही.

आता एक अवघड गोष्ट, जी आम्हा देणगीदारांना कदाचित रुचणार नाही. प्रभू येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले. आभार मानण्यास परत आला तो एकच, आणि तोही परका मानला गेलेला शोमरोनी. उरलेले नऊ कोठे आहेत, असे प्रभूने विचारले खरे. पण त्यांचे आरोग्य त्याने काढून घेतले नाही. मदत मिळालेल्या रुग्णाने आपल्यापुढे हात जोडून उभे राहावे, अशी अपेक्षा मनात डोकावली की आपल्या दानाला व्यवहाराचा वास येऊ लागतो. आजारपणाने आधीच खचलेल्या माणसाला कृतज्ञतेचे आणखी एक देणे लागू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रुग्णांच्या आप्तांनाही एक विनंती. आपण येथे केवळ घेण्यास आलो, असे मनात आणू नका. ज्यांच्या शेजारच्या खाटेवरील वृद्धाला कोणी नाही, त्यांनी त्याला दोन घास भरविले, तर तीही एक मूठच आहे.

आणि विश्वस्तांसाठी पौलाचीच आणखी एक गोष्ट. जमलेली वर्गणी यरुशलेमला नेताना त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी बोट दाखवू नये, व्यवहार देवापुढे तसाच माणसांपुढेही स्वच्छ असावा, हे त्याचे कारण त्याने स्वतःच नमूद केले आहे. आज आपल्या हाती असलेल्या अहवालात जमाखर्चाची पाने शेवटी आहेत. बहुतेक जण छायाचित्रे पाहून अहवाल मिटतात. कृपया तसे करू नका. ती पाने वाचा, आणि शंका असल्यास कार्यालयात जरूर विचारा.