सेवा क्लबाच्या सभेत तारापूरचा किल्ला

बोईसर म्हटलं की कारखान्यांच्या पाळ्या आणि तारापूर म्हटलं की १९६९ पासूनची अणुवीज. पण रोटरी, लायन्ससारख्या क्लबांच्या सभेत रक्तदानाच्या नियोजनानंतर गावचा इतिहास निघाला, तर विषयांना तोटा नाही. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूरच्या तटाला सुरुंग लावून किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर त्याच लढाईत पडले. वसई त्यानंतर, मे महिन्यात.

पालघरचा पाचबत्ती नाका तर आपल्या रोजच्या वाटेवरचा! त्यामागची गोष्ट ‘चले जाव’ चळवळीतली: १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरच्या सरकारी कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले, सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड आणि पालघरचे. वक्ता मुंबईहून बोलावण्याआधी या गावांतल्या जाणत्यांनाच बोलावलेलं बरं.