रबाळ्याचे रसायन : नवे तंत्र कोणाच्या हाती?



ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस दिघ्यापासून नेरुळपर्यंत पसरलेला औद्योगिक पट्टा हे महाराष्ट्राच्या नियोजनपर्वाचे अपत्य आहे. १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच दशकात ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने शेतीच्या जागी रासायनिक कारखाने उभे राहू लागले. १९६८ साली नोसिलचा नॅफ्था भंजन प्रकल्प येथेच सुरू झाला. आज तो प्रकल्प नाही आणि या रस्त्यावर संगणक व्यवसायाच्या काचेच्या इमारती दिसतात. त्यावरून रसायनउद्योग येथून गेला असा समज होणे स्वाभाविक आहे; परंतु तो खरा नाही. रबाळे, महापे, पावणे येथील भूखंडांवर तो लहान-मध्यम कारखान्यांच्या रूपाने टिकून आहे.

या उद्योगाला ‘शाश्वत’ करण्याची भाषा सध्या सर्वत्र ऐकू येते. नवे तंत्र आणि परस्पर सहकार्य ही तिची दोन सूत्रे आहेत. दोन्ही सूत्रे योग्यच आहेत. त्यांना विरोध करण्याचे समाजवाद्यांना कारण नाही. मात्र नवे तंत्र कोणाच्या मालकीचे आणि सहकार्य कोणाकोणात, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून ती सूत्रे म्हणजे केवळ शब्दांचे बुडबुडे ठरतात.

प्रथम एक हिशेब पाहावा. एक किलो माल तयार करताना किती किलो कचरा निर्माण होतो, हे मोजण्याचे माप रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञाने १९९२ साली मांडले. त्याच्या गणनेनुसार मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या मूलभूत रसायनांत हा कचरा एक किलोहून कमी ते पाच किलो असतो. सूक्ष्म रसायनांत पाच ते पन्नास किलो आणि औषधनिर्मितीत पंचवीस ते शंभर किलो वा त्याहूनही अधिक. याचा अर्थ उघड आहे. कारखाना लहान म्हणून घाण लहान, असे नाही. रंगद्रव्ये, औषधे यांची मध्यवर्ती रसायने बनविणारे छोटे कारखाने मालाच्या प्रत्येक किलोमागे प्रचंड ओझे मागे ठेवतात.

हे ओझे कोण वाहतो? अर्थशास्त्रज्ञ विल्यम कॅप यांनी १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. उद्योजकाच्या जमाखर्चात न येणारा खर्च समाज भरतो, हे त्याचे सार. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाने हा सिद्धान्त प्रत्यक्ष भोगला. तेथे रंगउद्योगाला लागणाऱ्या एच आम्लाचे सुमारे ३७५ टन उत्पादन झाले आणि मागे सुमारे २,४४० टन लोहयुक्त व जिप्समयुक्त विषारी गाळ उरला. गावच्या विहिरी नासल्या. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व याच खटल्यात ठामपणे लागू केले.

यांपैकी लोहयुक्त गाळ अपरिहार्य होता काय? नाही. नायट्रो संयुगाचे क्षपण लोखंडाचा कीस व आम्ल वापरून करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातील आहे. तो गाळ तिच्यातून येतो. उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजन वायू वापरला, तर लोखंडाचा गाळ जवळपास उरतच नाही. हे ज्ञान गुप्त नाही, नवेही नाही. पण त्यासाठी दाब सहन करणारे भांडे, वायुगळती ओळखणारी यंत्रणा, महाग उत्प्रेरक आणि प्रशिक्षित कामगार लागतात. मोठ्या कंपनीचे जॉबवर्क करणारा रबाळ्याचा छोटा कारखानदार हा खर्च कोठून करणार? त्याला दर ठरविता येत नाही. दर वरून ठरून येतो. मोठी कंपनी सर्वांत घाण टप्पा बाहेर करून घेते आणि आपल्या वार्षिक अहवालात स्वच्छतेचा डांगोरा पिटते. घाणीचेही कंत्राट देता येते, ही आधुनिक भांडवलशाहीची युक्ती आहे.

म्हणजे अडचण तंत्राच्या अभावाची नसून ते परवडण्याची आहे. तिचे उत्तर सहकार्यात आहे आणि त्याची सुरुवात या पट्ट्यात झालीही आहे. पावणे येथे रोज २७ दशलक्ष लिटर क्षमतेचे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. महापे येथे घातक कचऱ्याची सामायिक व्यवस्था आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने ऐरोली व कोपरखैरणे येथे प्रत्येकी २० दशलक्ष लिटरचे प्रकल्प उभारून शहराचे सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना देण्याची सोय केली. पिण्याचे पाणी वाचविणारा हा उपक्रम निश्चितच स्वागतार्ह आहे.

तथापि सामायिक केंद्र हे नळाच्या शेवटच्या टोकाचे उत्तर आहे. तेथील जीवाणू सर्वच रसायने पचवू शकत नाहीत. अतिक्षारयुक्त वा विषारी पाणी आले तर ते स्वतःच मरतात. शिवाय सर्वांचे पाणी एकत्र झाले की दोषी कोण हे ओळखणे कठीण होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या पाहणीत नवी मुंबईला ७३.७७ गुण मिळाले आणि ७० च्या पुढे गेल्याने हा भाग ‘अतिप्रदूषित’ ठरला. सामायिक केंद्र तेव्हाही होतेच.

म्हणून सहकार्य नळाच्या शेवटाकडून भट्टीच्या तोंडापर्यंत गेले पाहिजे. सांडपाण्याचे केंद्र सामायिक असू शकते, तर हायड्रोजनीकरणाचा विभाग आणि विद्रावके पुन्हा शुद्ध करण्याचा विभाग सामायिक का असू नये? एकट्याला न पेलणारी यंत्रे शेतकऱ्यांनी एकत्र येऊन उभारली, हा महाराष्ट्राच्या सहकारी साखर कारखान्यांचा मूळ धडा आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था या जनतेच्या पैशावर वाढलेल्या संस्था आहेत. त्यांचे संशोधन लहान कारखान्यांच्या अशा सहकारी संघांना सवलतीने मिळाले पाहिजे. आणि भांडवलाचा मोठा वाटा, काम बाहेर देणाऱ्या कंपन्यांकडून कायद्याने वसूल झाला पाहिजे. लाभ ज्याचा, भारही त्याचा.

येथे एक सावधगिरीही हवी. हायड्रोजन स्फोटक आहे. नवे तंत्र जुना धोका घालवून नवा आणू शकते. १९८४ च्या भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली; धोक्याची माहिती मिळण्याचा आणि धोका दिसताच इशारा देण्याचा कामगाराचा हक्क मान्य झाला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो आहे. पण आज कामावर असलेला आणि उद्या नसलेला कंत्राटी कामगार हा हक्क बजावणार कसा? मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये डोंबिवलीत झालेल्या स्फोटांनंतर कारखाने हलविण्याची चर्चा झाली. स्थलांतराने धोका संपत नाही. तो दुसऱ्या, अधिक दुबळ्या गावाच्या माथी जातो आणि येथल्या कामगाराची रोजी तेवढी बुडते.

सहकार्याच्या मेजाभोवती आज कारखानदार, महामंडळ आणि महापालिका बसतात. कामगार नाही, खाडीकाठचा मच्छीमार नाही. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर स्थळाचा मान मिळाला, रोहित पक्ष्यांची गणना होते, ही आनंदाची गोष्ट आहे. त्याच पाण्यावर पोट असलेल्या माणसांचीही गणना व्हावी, एवढीच मागणी आहे. कोणत्या कारखान्यातून काय बाहेर पडते याचे आकडे त्यांना मराठीत, त्यांच्या गावात, वाचता आले पाहिजेत आणि सामायिक केंद्रांच्या कारभारात त्यांना मताचा अधिकार मिळाला पाहिजे.

कारखाना हवा की खाडी, असा पेच जनतेपुढे टाकला जातो. तो खोटा आहे. खरा पेच स्वच्छतेचा खर्च कोणी भरावा हा आहे, आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणार नाही. ते संघटित कामगार आणि गावकरी यांनाच मिळवावे लागेल.