लामतुऱ्यांचा की लामतुरेंचा?



तेरच्या वस्तुसंग्रहालयाला नाव आहे रामलिंगप्पा लामतुरे यांचं. गावच्या पांढरीत मिळालेली नाणी, मणी, भाजक्या मातीच्या मूर्ती या गृहस्थांनी जमवल्या. इथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली की अभ्यासकांना इटलीतलं पाँपेई आठवतं. इ.स. 79 मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरात तिची बहीण शोभावी अशी मूर्ती सापडली आहे. साहजिकच पुरातत्त्वाच्या इंग्रजी ग्रंथांना तेरची दखल घ्यावी लागली, आणि आपल्याकडेही क्वचित ऐकू येणारं एक आडनाव इंग्रजी वाक्यात जाऊन बसलं: ‘द लामतुरे कलेक्शन’.

आजचं व्याख्यान या तीन शब्दांवर आहे.

आधी उच्चार. आडनावाच्या शेवटी इंग्रजीत टी, यू, आर, ई ही अक्षरं येतात. नेचर, पिक्चर, लेक्चर यांच्या शेवटीही तीच. म्हणजे तेर न पाहिलेला इंग्रज हे नाव ‘लॅमचर’ वाचणार! त्याला दोष देऊ नका. मेडोज टेलरचा ‘टेलर’ म्हणजे शिंपी, हे तरी आपल्यापैकी किती जणांच्या मनात येतं? टेलरसाहेब 1857च्या आधी याच भागातल्या नळदुर्गाचा कारभार पाहत होते आणि पुढे 1863च्या ‘तारा’ कादंबरीत त्यांनी तुळजापूर इंग्रजी वाचकांपर्यंत नेलं.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. इंग्रजीत आडनाव खांबासारखं उभं असतं. मालकी दाखवायची तर शेवटी एक ‘एस’ चिकटतो. ‘लामतुरे कलेक्शन’मध्ये तर तोही नाही. नाव सरळ विशेषण झालं. आपल्याकडे प्रत्यय यायचा म्हटलं की आडनाव अंग चोरून जागा करून देतं: लामतुरे, लामतुऱ्यांनी, लामतुऱ्यांचा. शिवाय माणूस एकच, तरी अनेकवचन, कारण तो आदर आहे. ‘लामतुरे आले’ म्हटलं की मान क्रियापदातच आला. इंग्रजीत अनेकवचनी लामतुरे म्हणजे अख्खं कुटुंब, आणि एकट्याचा मान राखायला नावाला बाहेरून काहीतरी जोडावं लागतं.

कायद्याच्या इंग्रजीत तर हा मान नावाच्या मागून चालतो. व्ही. डी. तुळजापूरकर 1977 ते 1986 सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. निकालपत्रांत त्यांचं आडनाव, मग स्वल्पविराम, मग ‘जे’ हे एकच अक्षर. त्या एका अक्षरात अख्खं न्यायमूर्तिपद! त्यांच्या स्पेलिंगमध्ये ‘झेड’ आहे. ‘जाऊबाई’तला ‘ज’ दाखवायची ती धडपड. ‘ळ’ मात्र रोमन लिपीच्या वेशीवरच राहिला.

आता माझी खरी तक्रार. इंग्रजीने तिच्या स्वभावाप्रमाणे आपली आडनावं ताठ ठेवली, ठीक आहे. पण आता आपणही मराठीत ‘गोखलेंनी’, ‘लामतुरेंचा’ लिहू लागलो आहोत. नाव जसंच्या तसं राहावं, नाहीतर अपमान होईल, अशी भीती वाटते. ‘गोखल्यांनी’ म्हटल्याने गोखल्यांचं काही कमी होत नाही. भाषेने त्यांना घरचं मानलं, एवढाच त्याचा अर्थ.

आडनावात गावाचं नाव मिरवण्याची आपली हौस तर जुनीच. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचं मोठं शहर आहे, असं पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवृत्तात नोंदलेलं आहे. ते तगर म्हणजे आपलं तेर. पुढे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. राज्य दूर, पण बिरुदात तेर. आजच्या हिशेबाने ते तेरकरच की!

तेव्हा तेरच्या एसटीत बसलात, तर शेजारच्याला ‘लामतुऱ्यांच्या म्युझियमला कुठं उतरायचं?’ असंच विचारा. वाटही कळेल आणि रामलिंगप्पांचा मानही राहील.